जिथे मेलेली माणसं उभी राहतात

ऑगस्ट लागला की बहरीनमध्ये चष्मा लावणाऱ्या माणसाला घराबाहेर पडणं म्हणजे घटकाभर आंधळं होणं असतं. आत एसीचा गारवा, बाहेर समुद्राची वाफ. दार उघडून पाऊल टाकलं की काचा पांढऱ्याशुभ्र होतात. मग मी जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहते, ओढणीच्या टोकाने काचा पुसते आणि दिसायला लागलं की खाली उतरते. अदलिया भागातल्या या जुन्या इमारतीत राहायला आल्यापासूनचा हा माझा नेम आहे.

यंदाही ती दमट हवा आली आणि निदाच्या खोलीतल्या पुस्तकांना पोक आलं. चौदा पुस्तकं आहेत, सगळी काळ्या पाठीची. कागद हलका, वर्तमानपत्रासारखा, त्यामुळे हवेतलं पाणी तो लगेच पितो. निदा आता पुण्याला शिकते. फोनवर म्हणाली, "अम्मी, कपाटात सिलिकाच्या पुड्या ठेव ना, प्लीज." मी पुड्या ठेवायला म्हणून पुस्तकं काढली आणि पलंगावर बसूनच राहिले. सातव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर मी लावलेली चिकटपट्टी पिवळी पडली होती.

ही जपानी चित्रकथांची मालिका आहे. मुलं त्याला मांगा म्हणतात. गोष्टी भयाच्या. एका समुद्रकाठच्या लहान गावात तिघं जण राहतात. एक निवृत्त नर्स, एक बस चालवणारा माणूस आणि एक कॉलेजातली मुलगी. त्या गावात मेलेली माणसं परत येतात, पण बोलत नाहीत. तोंड उघडलं तर शब्दांऐवजी वाळू नाहीतर पाणी बाहेर पडतं. ती नुसती एका जागी उभी राहतात. कुणी शाळेच्या फाटकाशी, कुणी न्हाव्याच्या दुकानासमोर. त्यांचं कोडं ती जिथे उभी राहतात तिथेच असतं. या तिघांनी ते सोडवायचं, की मेलेला निघून जातो.

ही पुस्तकं निदाला तिच्या अब्बांनी, अल्ताफनी, आणून दिलेली. दर दोन महिन्यांनी एक. अल्ताफना त्यातलं काही कळत नसे. मुखपृष्ठावरचं ओल्या केसांचं प्रेत बघून ते एवढंच म्हणायचे, "हे वाचून झोप लागते तुला?" निदा म्हणायची, "मस्त लागते." आणि ते हसायचे. त्यांच्या मानाने हे बोलणं पुष्कळच झालं. सित्र्याच्या एका कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. पहाटे कंपनीची बस घ्यायला यायची, संध्याकाळी सोडायची. घरी आले की अंघोळ, नमाज, चहा, बातम्या. विचारलं तर उत्तर द्यायचे. न विचारता काही सांगितल्याचं मला फारसं आठवत नाही. वाईट नवरा नव्हते. घरात त्यांचा आवाज तेवढा नव्हता.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका सोमवारी, संध्याकाळ उलटल्यावर, मला हॉस्पिटलातून फोन आला. मी चौथीच्या मुलांच्या वह्या तपासत होते. पलीकडच्या बाईने आधी नावाची खात्री करून घेतली, मग नवऱ्याचं नाव विचारलं, मग घरात आणखी कोण आहे ते विचारलं. तेव्हाच मला कळलं. हृदय बंद पडलं होतं. अँब्युलन्स पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं. कागदावर जागा लिहिली होती, जनाबिया.

ज्यांना बहरीन माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. सित्रा बहरीन बेटाच्या पूर्वेला, जनाबिया पश्चिमेला, आणि आमचं घर या दोघांच्या मध्ये. जनाबियात मोठमोठे व्हिला आहेत, भिंतींआडची कंपाउंडं आहेत. तिथे आमच्या ओळखीचं कुणी नव्हतं. सित्र्याहून घरी यायला निघालेला माणूस घर मागे टाकून जनाबियाला कशाला जाईल?

त्या दिवशी हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी दफन झालं. तिथे बायकांनी जायचं नसतं, मी घरीच होते. आणि मग माझी इद्दत, नवरा गेल्यावर बाईने घरात पाळायची मुदत, सुरू झाली.

चार महिने दहा दिवस. साधे कपडे, ना अत्तर, ना बांगडी, अगदी निकड असल्याशिवाय उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. शाळेने रजा दिली, पुढे शाळेला उन्हाळ्याची सुट्टीच लागली. बाहेर मे गेला, जून गेला, जुलैत खजुराच्या झाडांना पिवळे लाल घड लागले, ते मी शेजारणीने पाठवलेल्या रुतबच्या, म्हणजे ताज्या ओल्या खजुराच्या, डब्यात पाहिले. आमच्या घराखाली एक कॅफे आहे. दुपारभर तिथलं कॉफी दळायचं यंत्र घरघरायचं आणि पोरीबाळींचं हसणं वर यायचं. त्यांचं हसणं मला खटकत नव्हतं. कुणीतरी हसतंय एवढंच डोक्यात यायचं.

आमच्या कोकणी बायका पाळीपाळीने येऊन बसायच्या. कुणी कुराणातली यासीन पढायचं, कुणी घावणे घेऊन यायचं. त्यांतल्या हमीदाबाजींनी एकदा चहाचा कप खाली ठेवता ठेवता अगदी सहज विचारलं, "जनाबियात कोण असतं गो तुमचं?"

"कुणी नाही."

"नाही, म्हटलं, तिकडे कसे गेले..." असं म्हणून त्यांनी खोलीतल्या इतर बायकांकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. पण त्या न बोलण्यात जे होतं ते मला पुरेसं ऐकू आलं. जाताना त्यांची नजर निदाच्या हातातल्या पुस्तकावर गेली. "मय्यतीच्या घरात भुताची पुस्तकं बरी नाहीत, बेटा," त्या म्हणाल्या. निदाने मान हलवली आणि पान उलटलं.

निदा तेव्हा पंधरा वर्षांची होती. सुट्टी होती, बाहेर पंचेचाळीस अंश होते, आणि आई घरात बसलेली. तीही माझ्यासोबत घरातच बसली. चौदाही पुस्तकं पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागली. मला वाटलं, मन रमवतेय. ती अभ्यास करत होती हे मला पुढे कळलं.

जुलैतल्या एका सकाळी मी नमाज आटोपून बाहेर आले तर तिने जमिनीवर पंचा पसरला होता. हॉस्पिटलने दिलेली प्लॅस्टिकची पिशवी मी कपाटात खाली, गोधड्यांमागे ठेवली होती. ती तिने काढली होती आणि एकेक वस्तू पंच्यावर मांडली होती. घड्याळ. चष्मा. ओळखपत्र. बंद पडलेला फोन. दाढीचा ब्रश. एक रेझर. छोटा टॉवेल. आणि एक नेलकटर, मोठ्या आकाराचं, जाड नखांसाठी असतं तसं.

"अम्मी, अब्बांचा हा ब्रश नाहीये. त्यांचा बाथरूममध्ये आहे. मग हा कुणाचा?"

"ठेव ते सगळं."

"आणि ते ऑफिसला नेलकटर का न्यायचे?"

"निदा, ठेव म्हटलं ना."

तिने ठेवलं. पण त्याच दुपारी तिने दिवेकरांना फोन लावला. दिवेकर अल्ताफच्याच प्लांटमधले, मूळ अलिबागचे, वीस वर्षं एका बसने गेलेले. तिने फोन स्पीकरवर टाकून माझ्यासमोर धरला, आता मी नाही कशी म्हणणार? दिवेकरांनी आधी माझी विचारपूस केली, मग बराच वेळ अडखळले.

"वहिनी, सोमवारी ते आमच्या बसला नसायचे. जनाबियाकडे राहणाऱ्या एका बहरीनी माणसाच्या गाडीतून जायचे. दीडेक वर्ष तरी झालं असेल. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं ते असं, की सोमवारी ओव्हरटाइम असतो.

वीस वर्षांत त्यांनी माझ्याशी खोटं बोललेलं मला ठाऊक नव्हतं. आता एक खोटं सापडलं होतं, आणि ते दर आठवड्याचं होतं. त्या दिवसापासून माझी इद्दत बदलली. तसबीहची माळ हातात असायची, ओठ हलत असायचे, आणि डोक्यात जनाबियातलं एक घर उभं असायचं. त्या घरात दाढीचा ब्रश होता. टॉवेल होता. मी त्या घरातल्या बाईचा चेहरासुद्धा ठरवून टाकला होता.

आठवडाभराने निदाने फोन चार्ज केला. तिला पासवर्ड माहीत होता, तिचीच जन्मतारीख. 'अबू युसुफ घर' या नावावरून अकरा मिस्ड कॉल होते, सगळे त्या सोमवारनंतरचे. मी थांबवायच्या आत तिने तो नंबर लावला. दोन रिंग झाल्या. पलीकडून आवाज आला, "हॅलो? अल्ताफ?" आवाज बाईचा होता.

निदाने घाबरून फोन कट केला. मग तो बंदच करून टाकला.

"अम्मी, आपण जाऊ या. पुस्तकात ते नेहमी जातात. जागेवर गेल्याशिवाय काही कळत नाही."

तिच्या मांडीवर सातवं पुस्तक होतं. मी ते ओढून घेतलं आणि फाडायला लागले. मुखपृष्ठ अर्ध्यापर्यंत फाटलं. "तुझा बाप चित्रातलं भूत आहे का?" मी ओरडले. "खेळ मांडलायस का त्याचा?" फाटलेला तुकडा उचलून निदाने पुस्तकात ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. खाली कॅफेत कुणाचा तरी वाढदिवस चालू होता.

दुसऱ्या दिवशी ती झोपलेली असताना मी चिकटपट्टी घेऊन बसले. पान जुळवता जुळवता आतली चित्रं दिसायला लागली, आणि मी वाचत गेले. थोड्या वेळाने माझ्या खांद्यामागून आवाज आला. "अम्मी, उलटं वाचतेयस. कुराण उघडतेस तसं उघड. उजवीकडून." मी आधी उत्तर वाचत होते, मग प्रश्न. तिने पुस्तक फिरवून माझ्या हातात दिलं आणि माझ्या शेजारी बसली. ती कालचं काही बोलली नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "इट्स ओके," आणि डोकं माझ्या दंडाला टेकवलं.

त्या भागात एक मेलेला पोस्टमन होता. वीस वर्षं ओस पडलेल्या एका घरासमोर तो रोज येऊन उभा राहायचा. डोळ्यांच्या जागी शिंपले, पिशवीतून गळणारं पाणी. चित्रं इतकी भयानक होती की मला पान हाताने झाकून संवाद वाचावे लागले. गावाला वाटायचं त्याचं कुणाचं तरी पत्र द्यायचं राहिलंय. ते तिघं शोध घेतात, अंगण खणतात, तेव्हा तिथे एका कुत्र्याची हाडं सापडतात. ते कुत्रं पोस्टमनला रोज भुंकायचं, आणि त्यानेच एक दिवस विष घालून ते मारलेलं असतं. घरात एकटी राहणारी म्हातारी त्यानंतर महिन्याभरात गेलेली असते.

"सगळे असेच असतात का?" मी विचारलं.

"मोस्टली. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. वाईट. म्हणून ते अडकतात."

मी पुस्तक मिटलं. माझ्या मनातल्या भीतीला त्या पोरीने नकळत दुजोरा दिला होता. तरीही त्या दिवसापासून मी तिच्यासोबत वाचायला लागले. ऑगस्टभर आम्ही दोघी दुपारी पडदे ओढून मेलेल्या माणसांची कोडी सोडवत बसायचो. खरं कोडं बाजूच्या कपाटात होतं, त्याला आम्ही हात लावत नव्हतो. निदा मला पुन्हा एकदाही 'जाऊ या' म्हणाली नाही. इद्दत संपायला दोन दिवस असताना मीच म्हटलं, "दिवेकरांना त्या गाडीवाल्याचं विचार. पत्ता काढ."

सप्टेंबरच्या शेवटी, दुपारी, टॅक्सीने आम्ही गेलो. उन्हाचा जोर कमी झाला होता. चार महिन्यांनी मी आकाश खिडकीच्या चौकटीशिवाय पाहत होते. व्हिला जुना होता, दुमजली, फाटकाला हिरवा रंग. फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला, मी उभी राहिले. इथेच. पायाखाली नुसता सिमेंटचा ओटा होता, त्यावर वाळू आलेली.

दार उघडणारी बाई माझ्याच वयाची असेल. घरातल्या कपड्यांत, डोक्यावर घाईने घेतलेली ओढणी. मी ठरवलेला चेहरा नव्हता तो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग निदाकडे पाहिलं आणि तिथेच थांबली. निदा बापावर गेली आहे.

"तुम अल्ताफ का मॅडम?" ती म्हणाली. आणि मी हो म्हणायच्या आत तिने माझे दोन्ही हात धरले. "मैं बहुत फोन किया. बहुत. कंपनी पत्ता नहीं दिया."

तिचं नाव मरियम. आम्हाला आत नेऊन तिने गहवा, इथली बिनदुधाची कॉफी, दिला, आणि तिच्या तुटक हिंदीत, मध्ये मध्ये निदाशी इंग्रजीत, जे होतं ते सांगितलं. अबू युसुफ म्हणजे तिचे वडील. अल्ताफ पहिल्यांदा बहरीनला आले तेव्हा प्लांटमध्ये तेच फोरमन होते, त्यांनीच हाताला धरून काम शिकवलं होतं. मुलगा युसुफ परदेशात. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजव्या हाताची मूठ आवळली ती कुणालाच उघडू देईनात. नर्सला नाही, मुलीला नाही. नखं वाढून तळव्यात रुतली, जखमा झाल्या. जुने लोक भेटायला यायचे, तसे एकदा अल्ताफ आले. शेजारी बसले. तासभर तो हात आपल्या हातात घेऊन बसले, आणि एकेक बोट सोडवून त्यांनी नखं कापली.

"बाबा किसी को नहीं देता था. अल्ताफ को दिया," मरियम म्हणाली. मग दर सोमवारी ते यायला लागले. नखं कापायचे, दाढी करायचे, टॉवेल ओला करून मान पुसायचे. तिने चहा विचारला तर म्हणायचे, आधी काम. त्या सोमवारी काम आटोपून बाहेर पडले, फाटक लागल्याचा आवाज आला, आणि मग काहीतरी पडल्याचा.

मी हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही असं नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरंच काही आलं, कारण मरियम पुढे म्हणाली, "अल्ताफ बहुत बात करता था."

"कौन? अल्ताफ?"

"हां. पूरा टाइम. तुम्हारा लँग्वेज में. बाबा को समझता नहीं, मेरे को भी नहीं. लेकिन वो बोलता, बोलता, बोलता."

निदाने माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात न विचारता एक वाक्य न बोलणारा माणूस इथे तासभर बोलायचा. आमच्या भाषेत. जिथे ती कुणालाच कळत नव्हती तिथे.

"क्या बोलते थे?" मी विचारलं. वेड्यासारखा प्रश्न होता.

मरियमने खांदे उडवले. मग तिला काही आठवलं. "एक बात पूछूं? जाने के टाइम, हमेशा, बाबा का हाथ पकड़ के बोलता था, माफी, माफी. मैं सोचती थी, क्या माफी? क्या नहीं है उसके पास?"

आखाती अरबीत 'माफी' म्हणजे नाही. पाणी माफी, वेळ माफी, काम माफी. इथे आलेला माणूस पहिल्या आठवड्यात शिकतो तो शब्द. मी तिला समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मला आमच्या सासरची पडवी दिसली.

अल्ताफ जायच्या काही वर्षं आधीची, आमची सगळ्यांसोबतची शेवटची सुट्टी. सासरे आजारी होते आणि मुंबईला डॉक्टरकडे यायला अजिबात तयार नव्हते. अल्ताफ चार दिवस समजावत होते. पाचव्या दिवशी सासऱ्यांनी औषधाची पिशवी अंगणात भिरकावली, आणि हा कधी आवाज न चढवणारा माणूस म्हणाला, "मरायचं असेल तर मरा." सासूबाई, मी, निदा, सगळ्या तिथे होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एअरपोर्टला निघालो तेव्हा ते बापाला सलाम न करता गाडीत बसले. त्यानंतर कोविड आला, विमानं बंद झाली. सासरे गेले तेव्हा अल्ताफनी दफन फोनच्या पडद्यावर पाहिलं, तेही अर्धंच, गावात रेंज नव्हती. त्या दिवशी त्यांनी रजा घेतली नाही. संध्याकाळी चहा मागितला. मी दोन शब्द बोलले, ते 'हं' म्हणाले, आणि मी समजले की यांना बोलायचं नाही. मी पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं तोच समजूतदारपणा.

"हमारी भाषा में माफी मतलब... माफ करो," मी मरियमला म्हटलं. "वो माफी मांगते थे. अपने बाप से."

मरियमने हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "बाबा के पास अभी एक ही लफ्ज़ बचा है. स्ट्रोक के बाद सब खलास, एक बाकी. फी." फी म्हणजे आहे. "अल्ताफ बोलता था माफी, तो बाबा बोलता था, फी, फी. और खजूर का प्लेट इधर करता था. वो सोचता था अल्ताफ को कुछ चाहिए."

निदा उठून खिडकीशी गेली. मी कपातल्या गार झालेल्या गहव्याकडे बघत राहिले. अल्ताफना अरबी येत होती, वीस वर्षं ते त्या भाषेत काम करत होते. म्हातारा काय म्हणतोय ते त्यांना पूर्ण कळत होतं. माफ करायला वडील उरले नव्हते, आणि माफी म्हटल्यावर 'आहे' म्हणणारा एक जण सापडला होता. दर सोमवारी ते तेवढं ऐकायला जात असावेत. 'असावेत' एवढंच मी म्हणू शकते.

मरियम आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. म्हातारबाबा खिडकीपाशी व्हीलचेअरमध्ये होते. दाढी वाढलेली. उजव्या मुठीला गॉझ गुंडाळलेला, त्यावर पिवळट डाग. मे महिन्यापासून त्यांनी तो हात कुणाला दिला नव्हता. परक्या पुरुषाच्या हाताला मी हात लावणार नव्हते, आणि त्यांनीही तो दिला नसता. मी समोर स्टुलावर बसले आणि आमच्या बोलीत म्हटलं, "बाबा, हात दाखवा. मी अल्ताफची बायको."

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, आवाजाकडे. मग मी बोलत राहिले. काय बोलायचं ते सुचत नव्हतं, म्हणून गावाचं बोलले. खाडीवरच्या तरीचं, आमच्या आंब्याला यंदा मोहोर कसा आला होता त्याचं, निदाच्या मार्कांचं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मरियमने गॉझ सोडला, मी बोलत असतानाच करंगळी उचलून पाहिली. ती उचलली गेली. निदाने पर्समधून अब्बांचं नेलकटर काढून दिलं. आणलंय हे तिने मला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी एकाच बोटाचं नख कापता आलं. बाकीची मूठ त्यांनी पुन्हा मिटली.

परतताना टॅक्सीत निदा म्हणाली, "अम्मी, ते आपल्याशी का नाही बोलले? आपल्याला तर कळलं असतं."

"म्हणूनच," मी म्हटलं. ते उत्तर मला तेव्हा पटलं होतं. आता तितकंसं पटत नाही. पुस्तकातला मेलेला माणूस कोडं सुटलं की निघून जातो, गावकरी सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढचा भाग सुरू होतो. अल्ताफचं कोडं सुटल्यावर घरात उरलं ते माझं. हमीदाबाजींच्या एका प्रश्नावर मी चार महिने माझ्या नवऱ्याला गुन्हेगार ठरवून बसले होते. त्याची माफी कुणाकडे मागायची?

मी सोमवारी जनाबियाला जायला लागले. शाळा सुटली की टॅक्सी. पहिल्या महिन्यात गावाच्या गोष्टी संपल्या. मग मी अल्ताफबद्दल बोलायला लागले. आधी चांगलं, मग खरं. तुम्ही मला सांगितलं नाहीत, तुम्ही मला दारात उभं ठेवलंत, मी काय शत्रू होते का, असं सगळं मी त्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवलं, आमच्या भाषेत, आवाज न चढवता, मरियम शेजारी बसून बोटं सोडवत असताना. नखं मात्र वेळेवर कापली जात होती. अडीच वर्षं. निदा पुण्याला जायच्या आधी एकदा सोबत आली आणि तिने त्यांना पोस्टमनची गोष्ट सांगितली, चित्रं दाखवून. म्हातारबाबांनी चित्रं उजवीकडून डावीकडे, बरोबर क्रमाने पाहिली.

यंदा हिवाळा सरता सरता ते गेले. झोपेत. मरियमचा फोन आला, मी शाळेतून थेट गेले. बायकांच्या खोलीत भिंतीला लागून गाद्या घातल्या होत्या, काळ्या अबाया घातलेल्या बायकांची दाटी होती, कुणीतरी हळू आवाजात पढत होतं. मी दाराजवळ चपलांपाशी जागा पाहिली. ना नात्यातली, ना शेजारची, ना कामाची. आत वरच्या गादीवर बसलेल्या एका फार म्हाताऱ्या आत्याने माझ्याकडे बोट करून काहीतरी विचारलं. ही कोण?

मरियमने वळून माझ्याकडे पाहिलं. मलाही उत्सुकता होती ती काय सांगते याची. मग ती एकच वाक्य बोलली, आणि तेवढी अरबी मला येते. तिने सांगितलं, हिचा नवरा आपल्या घरचं काम करून निघाला आणि आपल्या फाटकाशीच त्याने जीव सोडला.

आत्याबाईंनी शेजारच्या बाईला कोपराने सरकवलं, आपणही थोड्या सरकल्या आणि गादीवर हात आपटून मला बोलावलं. मी बायका ओलांडत गेले आणि त्या दोघींच्या मध्ये बसले. आत्याबाईंनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला, जणू मी त्यांच्याच घरातली विधवा होते. इद्दतीत मी रडले होते ते रीतीपुरतं, लोक बघत होते म्हणून, आणि लोक गेले की संशयाने डोळे कोरडे व्हायचे. त्या दुपारी, परक्या माणसांच्या सुतकात, मी तोंडावर ओढणी घेऊन अल्ताफसाठी हमसून हमसून रडले. खोलीतल्या बायकांना वाटलं मी म्हातारबाबांसाठी रडतेय, आणि कुणीतरी मला पाणी आणून दिलं.